अडीच पट

औषधखिडकीतला कंपाउंडर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला की सिस्टर, कपाटातल्या लाल टोपणाच्या सिरिंजा परत करा, आता लागायच्या नाहीत. का, म्हणून विचारलं, तर म्हणे कालपासून इन्सुलिनची बाटली बदलली. मिलिलिटरला चाळीस युनिटची बंद, शंभरची सुरू, तिला नारिंगी टोपणाची सिरिंज. हातात चहाचा कप घेऊन, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं बोलला तो. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

तासाभरापूर्वीच मी घड्याळकाका आणि त्यांची पेशंट बायको, काकू, यांना घरी पाठवलं होतं. पिशवीत खिडकीवरून घेतलेली बाटली, म्हणजे शंभरची. आणि लाल टोपणाच्या दहा सिरिंजा. त्या मी माझ्या कपाटातून दिल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाला पुन्हा रांगेत उभं राहायला नको म्हणून. उपकार करायची हौस, दुसरं काय! लाल सिरिंजवरच्या रेघा पातळ औषधासाठी असतात. त्यात दाट औषध वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात वीस नव्हे, पन्नास जातात. अडीच पट. एवढ्याने साखर झपाट्याने उतरते, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

पेशंटला आणि घरच्यांना घरची शुश्रूषा शिकवायची, हे माझं काम. एकोणतीस वर्षं तेच करतेय. 'समजलं' या शब्दावर मी कुणाला घरी सोडत नाही, माझ्यासमोर करून दाखवायला लावते. काकांनी तर पाणी भरून सहा वेळा करून दाखवलं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हात तो, एक बुडबुडा राहू दिला नाही. मी इतकी खूश झाले की दोन शिकाऊ मुलींना बोलावून म्हटलं, बघा, याला म्हणतात हात. विद्यार्थी हुशार निघाला की मास्तरच पेंगतो, तसं झालं. बाटलीवर काय लिहिलंय ते मी पाहिलंच नाही.

फाइलवरचा फोन त्यांच्या दुकानाचा होता आणि दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालेलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती. इंजेक्शन बाराला, जेवण साडेबाराला, हेही मीच लिहून दिलं होतं. वेळेच्या बाबतीत तो माणूस एक मिनिट इकडेतिकडे करणार नाही, याची मला खात्री होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी देवाजवळ कुणाच्या तरी आळशीपणाची भीक मागितली.

ग्लुकोजच्या पुड्या, साखर तपासायचं यंत्र आणि फाइलवरचा पत्ता घेऊन, जखमा बांधणाऱ्या आमच्या ड्रेसरच्या स्कूटरवर मागे बसले. दोन सिग्नल लाल लागले. ड्रेसर नियमाचा पक्का, मी पाठीत ढोसत होते तरी हलेना. मग तीन जिने. वर पोचले तेव्हा माझा श्वास माझा नव्हता.

दार काकांनीच उघडलं. चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा.

"सिस्टर, तुम्ही बघायला आलात? बरोबर बाराला दिलं. वीसच्या रेघेवर, केसभरही इकडेतिकडे नाही."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, ताट समोर मांडलेलं, आणि साडेबारा व्हायची वाट बघत होत्या. म्हटलं, वाट बघू नका, आत्ता हे प्या. ग्लुकोज पाण्यात घालून ग्लास हातात दिला. त्या म्हणाल्या, साखर बंद ना माझी? मी ओरडलेच त्यांच्यावर. निम्मा ग्लास पोटात जाईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला, शब्द जड पडायला लागले. यंत्राने बावन्न दाखवलं. काका मागे उभे राहून एकच विचारत होते, माझं काय चुकलं, सिस्टर?

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी तळहातावर साखर घेऊन काकूंना चाटवत होते. वॉर्डात सलाईन लागलं, दर पंधरा मिनिटांनी बोटातून रक्त. पाच वाजता त्यांनी डोळे नीट उघडले आणि जेवण राहिलं म्हणून तक्रार केली. मी मोरीत जाऊन रडून आले.

बाहेर आले तर मेट्रनबाई वाट बघत होत्या. बाई वाईट नाहीत. हळूच म्हणाल्या की वय झालेला माणूस आहे, स्वतःच म्हणतोय हात चुकला असेल. पेशंट सुखरूप आहे, तर कशाला खोलात जायचं? तुझी रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. त्यांचं म्हणणं मला पटलं नाही असं म्हणणार नाही. क्षणभर पटलं.

काका बाकावर बसले होते. मांडीवर उलट्या ठेवलेल्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. लाल टोपण, नवी बाटली, माझं कपाट.

त्यांनी हात सुलटे करून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे हात बरोबर होता?"

"तंतोतंत."

त्यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाले, "सिस्टर, मला तुमचा राग येणार आहे. पण आज नको. आज तिच्याजवळ बसू दे मला."

रात्री मी झालेली चूक कागदावर लिहून, सही करून मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती वाचली आणि खणात टाकली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या इंजेक्शनला मी नारिंगी टोपणाची सिरिंज घेऊन गेले. म्हटलं, आज मी देते. काकू पलंगावरून म्हणाल्या, "नको. यांच्याच हातून. रोज कुणाच्या हातून घ्यायचंय मला?"

काकांनी चष्मा लावला. मी म्हटलं, ही बाटली शंभरची, ही सिरिंज शंभरची, बरोबर आहे. त्यांनी दोन्ही माझ्या हातातून घेतल्या आणि खिडकीशी गेले. बाटली उजेडात धरून त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं, मग सिरिंजवरचं वाचलं, मग पुन्हा बाटलीवरचं. मी तिथेच उभी होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सगळं वाचून झाल्यावर, मला नव्हे, काकूंना म्हणाले, "हो, बरोबर आहे."