मोठ्या तोंडाची जाळी

हौसाने जाळीत कोपरापर्यंत हात घातला, मूठ आवळून दोनदा ओढून पाहिलं आणि दांड्यासकट जाळी परत काउंटरवर ठेवली.

"जड हाय," ती म्हणाली.

"मावशी, ॲल्युमिनियमचा दांडा आहे. याच्याहून लाइट येतच नाही," दुकानदार प्रितम म्हणाला. त्याने काढलेली प्रत्येक मोठी जाळी ती अशीच बाजूला सारत होती, तरी त्याचा आवाज अजून चढला नव्हता.

तिचा नवरा बळीराम स्टुलावर बसून होता. उरण नाक्यावर रिक्षातून उतरल्यापासून त्याचे गुडघे ठणकत होते. पूर्वी या दुकानात दोर आणि शिसं मिळायचं; आता रविवारी गळ टाकायला येणाऱ्या शहरातल्या लोकांसाठी रंगीत काठ्या टांगल्या होत्या. त्याला कशातच रस नव्हता. कुठलीही एक जाळी घ्यावी आणि घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

जाळी हवी होती जिताडा माशासाठी. घरामागच्या तळ्यात चोरांच्या भीतीने काटेरी फांद्या टाकलेल्या, त्यामुळे मोठं जाळं ओढायची सोय नाही. गळाला लावून काठाशी आणायचा आणि खालून दांड्याच्या जाळीत उचलायचा, हाच मार्ग. मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाने, केतनने, जाळीवाचून प्रयत्न केला, तर माशाने काठाशी येऊन अशी उसळी मारली की दोर तुटला. केतनचा ट्रक न्हावा शेव्याच्या बंदरात कायमच्या कामावर लागायचा होता, आणि तिथल्या साहेबाने हसत हसत विचारलं होतं, जिताडा कधी खिलवताय? या मुलखात असल्या हसण्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. रविवारी मासा साहेबाच्या घरी पोचायला हवा होता.

"काका, मासा केवढा आहे ते सांगा," प्रितम म्हणाला. "त्यावर जाळीचं तोंड ठरतं. लहान पडलं की मासा काठावर आपटून निसटतो."

बळीराम तोंड उघडणार, तोच हौसाने आपला डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत माप दाखवलं. मग जरा विचार करून उजवा हात कोपराच्याही अलीकडे आणला.

"एवढाच?"

"एवढाच. वाडलाच नाय मेला."

बळीराम तिच्या हाताकडे बघत राहिला. केतनचा दोर तुटला तेव्हा तो काठावरच होता. चार वर्षांच्या पोराएवढा मासा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. आणि हौसा तर रोज संध्याकाळी त्याला बारीक कोळंबी टाकते. तिच्या बांगड्या वाजल्या की तो वर येतो. मूठभर तांदळाचाही अंदाज न चुकणारी बाई माशाच्या मापात चुकेल कशी?

ती चुकत नव्हती. मासा निसटावा म्हणूनच ती जाळी निवडत होती.

त्या जिताड्याचं पिल्लू बळीरामनेच खाडीवरून हंड्यात घालून आणलं होतं. त्यांची लेक कुमुद तेव्हा कॉलेजात जायची. लेकीचा नवरा पहिल्यांदा जेवायला येईल त्या दिवशी हा ताटात वाढायचा, असं त्यानेच हौसाला सांगितलं होतं. मग कुमुदने ऑफिसातल्या परजातीच्या मुलाशी लग्न केलं आणि बळीराम म्हणाला, ती दोघं माझ्या उंबऱ्यात नकोत. पुढे तळ्याकाठी कोणी त्या जेवणाचं नाव काढलं नाही. हौसा मात्र माशाला खाऊ घालत राहिली.

"हीच दे," बळीराम म्हणाला आणि सगळ्यांत लहान जाळीकडे बोट दाखवलं. प्रितमने खांदे उडवून ती गुंडाळून दिली.

बाहेर ऊन चांगलंच तापलं होतं. रिक्षा मिळेना. दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. हौसाने जाळी मांडीवर घेतली होती आणि ती रस्त्याकडे बघत होती. बळीरामला फार थकल्यासारखं वाटलं. राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं, आणि ते आता गुडघ्यांसारखंच गेलं होतं.

"कुमुदचा मानूस मासली खातो का?" त्याने विचारलं.

हौसाने जाळीवरचा कागद उगाच नीट केला.

"खातो," ती म्हणाली. "काटे कुमुदला काडून द्यावे लागतात."

तिला हे कसं ठाऊक, हे बळीरामने विचारलं नाही. दर महिन्याला ती कामोठ्याला दातांच्या दवाखान्यात जायची. जाताना पिशवी जड असायची, येताना रिकामी. इतकी वर्षं कुणाचे दात दुखत नाहीत, हे कळायला वैद्य लागत नाही. त्याने ते कधी कळून घेतलं नव्हतं, इतकंच.

समोर रिक्षा येऊन थांबली. बळीराम गुडघ्यावर हात ठेवून उठला, पण रिक्षाकडे गेला नाही. त्याने तिच्या मांडीवरची जाळी उचलली.

"चल. बदलून आनू. हिच्यात मावायचा नाय तो."

"आन केतनचा सायब?"

"त्याला दुसरा करंजाच्या बंदरावरून इकत आनू. कोनच्या पान्यातला हाय, त्याला काय समजतंय."

हौसा लगेच उठली नाही. पदराने तोंड पुसलं, डोळेही पुसले. रिक्षावाला वाट बघून निघून गेला. बळीराम दुकानाच्या दाराशी पोचला तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"त्यानं पयली दाखवलेली, ती घ्या. ती जड नवती."