कच्चं जपानी

खासदार कुरोसे यांनी टोकियोच्या पत्रकारांना सांगितलं, "मी पैसे नाकारले होते. दुभाषी बाईचं जपानी कच्चं होतं."

ती बाई म्हणजे मी, नीलिमा. सिंगापूरमध्ये हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत दुभाषी होते. जेवताना आमच्या साहेबांनी पैसे देऊ केले, तेव्हा हे गृहस्थ स्पष्ट म्हणाले होते, "मुलाच्या कंपनीत भरा." प्रकरण फुटल्यावर म्हणे, ते फक्त "चोत्तो" म्हणाले होते. चोत्तो म्हणजे थोडं. पण जपानी माणूस अडखळत चोत्तो म्हणाला की त्याचा अर्थ 'नको' होतो. पुण्यात जपानीच्या पहिल्या परीक्षेला बसणारी पोरंही हे जाणतात, आणि मी बारा वर्षं ही भाषा घासलेली! कंपनीनं मला काढलं. पुढे कुणी काम देईना. नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या व्हिसा-पासवर क्लेमेंटी भागात राहत होते आणि रोज त्या माणसाचं तळपट होवो म्हणत होते.

२०१६ मध्ये स्वारी स्वतःच आली. चौकशी लागणार होती, आणि चूक माझी होती असं त्यांना लिहून हवं होतं. मी त्यांना भर दुपारी आमच्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या गजबजाटात, बोलावलं. पाठीमागच्या टेबलावर मोरी नावाची टोकियोची पत्रकार नूडल्स खात बसली होती. तिलाही मीच बोलावलं होतं.

"त्या दिवशी काही गैरसमज झाला असावा, असं आपण मानलं तर..." कुरोसे गुळमुळीत बोलले.

"माफ करा, माझं जपानी कच्चं आहे. जरा सोपं करून सांगता?"

त्यांनी पुन्हा आडून आडून सांगितलं. मी पुन्हा बावळट चेहरा केला. आजूबाजूला कढया खणखणत होत्या, ते घामाघूम झाले होते. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ओरडलेच, "पैसे मी घेतले! तुमचं भाषांतर बरोबर होतं! पण चूक तुमची असं लिहून द्या, नोकरी मी मिळवून देतो!"

मोरी उठली आणि तिनं ओळखपत्र दाखवलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. वाटली नाही.

आठवड्यात राजीनामा आला. टीव्हीवर ते कमरेत वाकून उभे होते. माझी लेक अवनी सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बस लाह, आई. ही सेड सॉरी."

"कुणाला? पक्षाला, मतदारांना, बायकोला. माझं नाव आलं त्यात?"

मी मोरीला फोन लावला. कुरोसेंच्या आणखी सहा जेवणांना मी दुभाषी होते, आणि आता माझ्या जपानीवर कुणी शंका घेणार नव्हतं.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "आज दुसऱ्या जेवणाचं सांगते."