दोन काठांवरची मोजणी

घड्याळजींनी हातमोजा दातांनी ओढून काढला, दुर्बिणीची काच पुसली आणि तळ्यावर लावायची सोडून ती सरळ पलीकडच्या काठावर लावली. ग्रंथपालबाई तिथं एका बुंध्याला टेकून उभ्या होत्या. दर हिवाळ्यात एक सकाळ दोघं मिळून पाखरं मोजत; हा काठ घड्याळजींचा, तो बाईंचा. थवा इकडून तिकडे उडाला की दोघांनी वेळ आणि आकडा टिपायचा, म्हणजे तीच पाखरं दोनदा मोजली जात नाहीत. अकरा वर्षांत दोघांच्या वह्यांतल्या या आकड्यांत एका पाखराचाही फरक पडला नव्हता.

यंदा बाई कायमच्या लेकीकडे निघाल्या होत्या. जाऊ नका, एवढंच घड्याळजींना सांगायचं होतं. आठवडाभर घोकलं, आणि सकाळी फाटकापाशी भेटल्यावर बोलले काय, तर थंडी बरीच आहे म्हणे. असल्या माणसाला काय म्हणावं!

बाईंची दुर्बीण डोळ्यांना होती. मोजण्यात गढल्या असाव्यात. बाईंचे केस किती पिकले, हे घड्याळजींना आजच दिसलं. पुढच्या हिवाळ्यात त्या बुंध्याशी कुणी नसणार. एवढ्यात डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज गेला. ते भानावर येईतो चक्रवाकांचा सगळा थवा तळं ओलांडून पलीकडच्या झाडीमागं दरीत उतरला होता. आठ वाजून सतरा मिनिटं. किती होते, देव जाणे.

मोजणी आटपल्यावर दरीच्या तोंडाशी, ओढ्यावरच्या पुलावर, दोघं वह्या घेऊन बसले.

"आठ सतरा," बाई म्हणाल्या. "चक्रवाक किती?"

थाप मारणं घड्याळजींच्या जिवावर आलं.

"राहिले मोजायचे."

"तुमचे? राहिले?"

"लक्ष नव्हतं." त्यांचे कान तापले. "तुमचा आकडा धरू."

बाईंनी वही छातीशी धरली होती, ती हळूच पुढं केली. आठ सतरा, चक्रवाक, आणि पुढं नुसती रेघ.

"तुमचं लक्ष कुठं होतं?" त्यांनी विचारलं.

"पलीकडच्या काठावर. तुमचं?"

"माझंही."

खाली ओढा वाहत होता. घड्याळजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, जाऊ नका."

बाईंनी वही मिटली.

"सामान कालच गेलं हो माझं," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत.