घेवड्याच्या नावाची वांगी

सणसरहून रोज स्कूटीवर येऊन माधवी बारामतीच्या जळोचीतल्या एका इंग्रजी शाळेत ज्युनियर केजीला शिकवायची, आणि दिवाळीपर्यंत तिची अशी गत झाली होती की शाळेचं गेट दिसलं तरी स्कूटी परत वळवावीशी वाटायची. पोरांचा दोष नव्हता, पोरं गुणाची होती. तिला शिसारी बसली होती ती 'अ‍ॅक्टिव्हिटी' या शब्दाची.

जुलैत लाल दिवस झाला, ऑगस्टात पिवळा. लाल दिवसाला मुलांच्या आयांनी डबे भरून टोमॅटो नि सफरचंदं पाठवली, आणि मुलं त्या फळांपुढे हाताची घडी घालून पाऊण तास बसली, कारण विजयमाला मॅडमना फोटो काढायचा होता. एका पोराने टोमॅटोला बोट लावलं तर त्याला उठवून मागे बसवलं. फोटो निघाला नि फळं स्टाफरूममध्ये गेली. मग अंगठ्याच्या ठशांचं झाड करायचं ठरलं. पण मुलांच्या हाताला रंग लागला की गणवेश खराब होणार, गणवेश खराब झाला की आया भांडायला येणार, म्हणून मॅडमनी माधवीलाच बसवलं. तिने स्वतःच्या अंगठ्याचे छत्तीस ठसे उठवले आणि खाली छत्तीस नावं लिहिली. ते झाड व्हरांड्यात टांगलं होतं. येणारा-जाणारा कौतुकाने थांबायचा, आणि माधवी मान खाली घालून पुढे निघून जायची.

विजयमाला मॅडम या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मालकीणही. लग्न होऊन पुण्याहून आलेल्या. बाई कामाला वाघ, पण मूल शिकलं की नाही हे मुलाकडे बघून नाही, मोबाइलकडे बघून ठरवायच्या.

या छत्तिसांत एक सारजा होती. पणजीचं नाव ठेवलेलं. जळोचीच्या कडेला त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता, आणि आजी द्वारकाबाई तिला रोज सोडायला-न्यायला यायच्या. घरी ही पोर कोणाला बोलू देत नाही असं आजी सांगायच्या. वर्गात मात्र जून ते जानेवारी तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. माधवीने गाणी म्हणून पाहिली, बाहुल्या आणल्या, नुसतंच शेजारी बसून पाहिलं. सारजा सगळं ऐकायची, मान हलवायची, पण बोलायची नाही. जानेवारीत मॅडमनी तोडूनच सांगितलं. फेब्रुवारीच्या प्रदर्शनात ही मुलगी पालकांसमोर बोलली तर सीनियर केजीत जाईल, नाहीतर दाखला घेऊन घरी. मुकी मुलं ठेवून शाळेचं नाव घालवायला त्यांना वेळ नव्हता.

द्वारकाबाईंना हे सांगताना माधवीची मान वर होईना. आजींनी पदराने तोंड पुसलं नि एवढंच म्हणाल्या, "बाई, तिला घालवू नगा. लय आवडीनं येती ती हितं."

त्याच आठवड्यात बी पेरायची अ‍ॅक्टिव्हिटी आली. माधवीने या वेळी हट्टच धरला, की माती मुलांनी कालवायची, बी मुलांनीच लावायचं, मग कपडे बरबटू देत नाहीतर काही होऊ दे. मॅडम त्या दिवशी इंदापूरला लग्नाला गेल्या होत्या म्हणून ते जमलं. छत्तीस कागदी पेल्यांत छत्तीस घेवडे गेले. वर्षात पहिल्यांदा वर्गाला मातीचा वास आला, आणि माधवीला वाटलं, आज आपण शाळेत आलो.

तिसऱ्या दिवशी बिरू नावाचा एक दांडगा पोरगा पाण्याची बाटलीच पेल्यात उपडी करत होता. खिडकीपाशी बसलेली सारजा उठली, तिने त्याचा हात धरला.

"लय पानी घालू नगं. कुजतंय ते."

बिरूने बाटली खाली ठेवली. माधवी काही न झाल्यासारखी फळा पुसत राहिली, फळा कोरा झाला तरी. त्या दिवसापासून सारजा बोलायला लागली. फार नाही, आणि इंग्रजी तर नाहीच, पण पेल्यांभोवती फिरून ज्याला-त्याला सांगायची, उकरून बघू नगं, उन्हात ठेव, आज पाजू नगं. तिचा घेवडा आठव्या दिवशी वर आला. वाकडा, अर्धं टरफल डोक्यावर घेऊन. तिने तो उचलून माधवीच्या नाकासमोर धरला होता.

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले तेव्हा मॅडम पेले बघायला आल्या. निम्मे कुजलेले, काही उकरून उकरून मेलेले, दहा-बारा उगवलेले तेही तिरके. मॅडमनी नाकाला रुमाल लावला.

"माधवी मिस, हा उकिरडा मी पालकांना दाखवू?"

मुलांनी स्वतः केलेलं असंच असतं, एवढं माधवी बोलली. पण मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ड्रायव्हर गेणूला नर्सरीतून रोपांचा ट्रे आणायला पिटाळलं आणि जुने पेले आजच्या आज टाकायला सांगितले. मुलं घरी गेल्यावर माधवीने ते टाकले. स्वतःच्या हाताने. सारजाचा पेला बाजूला काढून ठेवावा असं मनात आलं होतं, पण मॅडम दारात उभ्या होत्या, आणि सारजाच्या दाखल्याचं भूत मानेवर होतं. तोही गेला.

गेणूने आणलेली रोपं वांग्याची होती. सणसरच्या पोरीला ते लांबून कळलं. गेणूलाही कळलं होतं, पण त्याला ट्रे आणायला सांगितला होता, त्याने आणला. माधवीने मॅडमना सांगितलं. घेवड्याच्या पाट्या तर छापून आल्या होत्या.

"हिरवं आहे ना? मग झालं. पालक काय पानं तपासायला येतात?"

बारामतीत. जिथे जवळपास प्रत्येक बाप उभ्या पिकातून चालत शाळेच्या मीटिंगला येतो, तिथे ही बाई विचारत होती पानं कोण तपासणार. माधवीला हसू यायला हवं होतं. तिने निमूट पाट्या लावायला घेतल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी सारजा आपल्या टेबलापाशी येऊन थांबली. पेल्यावर तिचं नाव होतं. आत टवटवीत, सरळसोट रोप. तिने वाकून बघितलं, पान चुरून वास घेतला.

"टीचर, माझा कुठंय?"

"हाच तुझा. मोठा झालाय तो," माधवी म्हणाली.

"हे वांगं हाय."

मॅडम पलीकडच्या टेबलापर्यंत आल्या होत्या. माधवी खाली बसली, पोरीचे दोन्ही खांदे धरले नि घाईघाईने कुजबुजली की मॅडम विचारतील तेव्हा घेवडाच म्हणायचं, वर्गात सगळ्यांकडून घोकून घेतलंय तसं इंग्रजीत म्हणायचं, म्हटलं नाही तर उद्यापासून शाळा बंद. साडेचार वर्षांच्या पोरीला तिने हे सांगितलं. सांगताना स्वतःचाच आवाज तिला परका नि ओंगळ वाटला.

पालक येत होते. एकेक जण पेल्याकडे बघायचा, पाटीकडे बघायचा, गालात हसायचा, नि पोराला शेजारी उभं करून फोटो काढायचा. एकाने तर रोपं जोमदार आहेत, कुठल्या नर्सरीची म्हणून विचारलं. वांग्याला वांगं मात्र कोणी म्हटलं नाही. शाळा इंग्रजी होती ना. द्वारकाबाईही आल्या. त्यांनी पानाला बोट लावलं नि माधवीकडे एकदा पाहिलं.

मॅडम मोबाइल धरून सारजापुढे थांबल्या नि इंग्रजीत विचारलं, हे काय आहे. माधवीचा जीव टांगणीला लागला. पोर गप्पच राहिली असती तर गेली असती. वांगं म्हणाली असती तरी गेलीच असती.

सारजाने मान वर केली. "दिस इज माय बीन प्लांट. आय वॉटर इट एव्हरी डे."

अडखळली नाही, लाजली नाही. टाळ्या पडल्या. मॅडमनी तिच्या गालाला हात लावला आणि सीनियर केजीत जाणार हं आमची सारजा, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. द्वारकाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. माधवीजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "वांगं हाय ते, ठावं हाय मला. ऱ्हाऊ द्या. पोरगी विंग्रजी बोलली की."

माधवीने हसून मान डोलावली. तिला स्वतःची इतकी किळस आली की हात धुवायला नळाकडे जावंसं वाटलं. पण तेवढ्यात सारजा तिची ओढणी ओढत होती. तिला काहीतरी कानात सांगायचं होतं. माधवी वाकली.

"टीचर, आता वांगं म्हटलं तर चालंल का?"

माधवीने मागे पाहिलं. मॅडम दोन टेबलं पलीकडे मोबाइल धरून उभ्या होत्या.

"अजून नको," ती म्हणाली. "मॅडम हितंच आहेत."

सारजाने मॅडमकडे एक नजर टाकली, आणि शहाण्या माणसासारखी मान हलवली.