अर्धा शब्द आणि पळीभर तेल

जुनी आहे, हे मी आधीच कबूल करते. झिजलेली आहे, हेही खरं. पण मित्रांनो, मला कुणी दगाबाज म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. मी एका मोटारीची ब्रेक डिस्क आहे, आणि गेल्या दिवाळीला कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या भर रस्त्यात झालेल्या प्रकाराचं खापर माझ्यावर आणि एका भल्या माणसावर फुटलं. त्याची खरी हकीकत आज सांगते.

आधी मी कोण ते समजून घ्या, कारण माझ्या मालकांनी ते कधी समजून घेतलं नाही. इथून जवळच स्वामीमलैला धातूचा रस ओतून देव घडवतात. त्या देवांना पुढे चंदन मिळतं, हार मिळतात. मलाही रस ओतूनच घडवलं, पण दूरच्या एका कारखान्यात, बिडाच्या लोखंडातून, आणि माझ्या नशिबी आला चिखल. त्याची तक्रार नाही. चाकात बसणाऱ्याने चिखलाला नावं ठेवू नयेत. मला लेथवर चढवून गुळगुळीत केलं. माझ्या दोन चकत्यांमध्ये वारा खेळायला फटी ठेवल्या. आणि कडेवर एक आकडा कोरला: किमान जाडी अठरा मिलिमीटर. नवी होते तेव्हा मी वीस होते. म्हणजे दोन मिलिमीटर झिजेपर्यंत मी कामाची, त्याखाली मला उतरवायचं. आपण कधी निवृत्त व्हायचं ते इतकं स्पष्ट अंगावर लिहून फिरणारी दुसरी वस्तू तुमच्या घरात आहे का, पाहा बरं.

माझं काम सोपं आहे. मी चाकाबरोबर फिरते. माझ्या कडेला कॅलिपर नावाचा एक चिमटा असतो आणि त्याच्या आत माझ्या दोन्ही अंगांना एकेक ब्रेक पॅड. ब्रेकवर पाय पडला की नळीतल्या तेलाचा दाब येतो, चिमटा आवळतो आणि पॅड मला दोन्हीकडून घट्ट धरतात. तळहातावर तळहात जोरात घासून पाहा, गरम होतात ना? तसंच. गाडीचा सगळा वेग घासला जाऊन उष्णता होतो, ती उष्णता मी अंगावर घेते आणि फटींतून वाऱ्यावर सोडते. नळीतलं ते तेल नळीतच कोंडलेलं असतं, ते मला कधी शिवत नाही. माझी कामगिरी चालते ती कोरड्या घासण्यावर. कोरड्या, एवढं ध्यानात ठेवा.

माझे मालक व्यंकोबा. कुंभकोणमच्या एका शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारात चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ती अशी की पुण्याचा पाहुणा आला तर गालातल्या गालात हसतो. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. शाळेत व्यंकोबांचा दरारा होता. उत्तर बरोबर असलं, पण पुढे मीटर की सेंटीमीटर ते लिहिलं नसलं, तर ते अर्धा गुण कापायचे. अर्धवट लिहिणं म्हणजे चुकीचं लिहिणं, असं ते मुलांना सांगायचे. हे वाक्य विसरू नका, मीही विसरलेली नाही.

या शिस्तीच्या माणसाने माझे किती हाल केले म्हणून सांगू! पाय सदा ब्रेकवर टेकवलेला. गाडी चालतेय, पाय ब्रेकवर. पॅड मला उगाच घासतायत, मी उगाच तापतेय. उन्हातून फिरून आल्यावर लगेच माझ्यावर थंड पाण्याचा फवारा. तापलेल्या तव्यावर पाणी मारलं तर तवा वाकडा होतो हे घरोघरी ठाऊक आहे, मग मी काय रबराची आहे? पॅड संपत आले की त्यांच्यातली पोलादाची एक छोटी जीभ मला घासून किंचाळते. ती किंचाळावी म्हणूनच बसवलेली असते. ती दोन महिने किंचाळत होती. व्यंकोबांनी काय केलं? रेडिओचा आवाज वाढवला. मग पॅडचा मसाला पार संपला, त्यामागची लोखंडी पाटी माझ्यावर घासू लागली आणि माझ्या अंगावर चरे पडले. शेवटी त्यांनी नवे पॅड घातले खरे, पण माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पाहिलं ते महालिंगने. महालिंग हा आमचा मेकॅनिक. दिवाळीच्या चार दिवस आधी चाक पंक्चर झालं म्हणून गाडी त्याच्याकडे गेली होती. चाक उतरल्यावर त्याने माझ्या चऱ्यांवरून बोट फिरवलं, जाडी मोजली. सतरा पूर्णांक सहा. त्याने मान हलवली. पण व्यंकोबा घाईत होते. “काय असेल तें फोनवर सांग,” असं तमिळमध्ये म्हणून ते गाडी घेऊन निघालेसुद्धा.

महालिंगने दुसऱ्या दिवशी फोन केला. फोन उचलला वत्सलाबाईंनी, व्यंकोबांच्या पत्नीने. स्वयंपाकघरात कढईत मुरुक्कु, म्हणजे इकडच्या चकल्या, तळायला टाकलेले. महालिंग म्हणाला, “डिस्क तेय्ञ्जु पोच्चु, अम्मा.” डिस्क झिजून गेली आहे. बदलेपर्यंत गाडी काढू नका, असंही तो म्हणाला. बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर तमिळमध्ये लिहायला घेतलं: डिस्क तेय्... इतक्यात कढईतून करपल्याचा वास आला. पेन तिथेच टाकून त्या धावल्या. तळण आटोपेपर्यंत पाहुणे आले, आणि निरोप राहिला तो राहिलाच.

आता इथे माझं कपाळ कसं फुटलं ते ऐका. तमिळमध्ये ‘तेय्’ म्हणजे झीज. आणि ‘तेय्’ म्हणजेच चोळ, घास. पुढची शेपटी लागली की कळतं काय ते: तेय्ञ्जदु म्हणजे झिजलं, तेय्त्तदु म्हणजे चोळलं. नुसतं ‘तेय्’ लिहिलं तर ती आज्ञा होते: चोळ! आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी या गावात ‘चोळ’ म्हटलं की कुणाच्याही मनात एकच गोष्ट येते, ती म्हणजे अभ्यंगाचं तिळाचं तेल.

व्यंकोबांनी कॅलेंडर वाचलं. मग अंगणात येऊन मला पाहिलं. तीन दिवस पाऊस लागला होता, गाडी उभी होती, त्यामुळे माझ्यावर गंजाचा पातळ तांबूस थर आला होता. तसला गंज दोन वेळा ब्रेक दाबला की पुसला जातो, त्यात काही नसतं. पण त्यांची खात्रीच पटली.

“वत्सला, इकडे पाहा हो,” ते म्हणाले. “केवढा गंज चढला आहे! महालिंगाने बरोबर सांगितलें. उद्यां आपणांस तेल, तर आज हिला.”

वत्सलाबाई आत पाहुण्यांना कॉफी देत होत्या. “कोणास तेल?” त्यांनी आतूनच विचारलं. उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत आणि द्यायला व्यंकोबाही थांबले नाहीत.

घरचं तिळाचं तेल, मिरी घालून कोमट केलेलं. चाकाच्या आऱ्यांतून त्यांनी ते पळीने माझ्यावर ओतलं, फडक्याने चोळलं, गाडी जरा ढकलून पुन्हा ओतलं. फटींतून ते आतल्या अंगालाही उतरलं. पॅड तेल पिऊन बसले. माझी बहीण डाव्या चाकात असते. तो भाग कुंपणाला टेकलेला, तिथे हात पोचेना, म्हणून ती तेवढी वाचली. इतक्या प्रेमाने त्या माणसाने मला कधी हात लावला नव्हता, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की दूर व्हा, तुम्ही माझा जीव काढून घेताय.

दिवाळीच्या सकाळी आठ वाजता दोघं मरुदानल्लूरला भजनाला निघाली. तेल लागलेली मी काही धरेना. कोरडी असलेली माझी बहीण एकटी धरायची. त्यामुळे ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढली जायची.

“आज गाडी अशी कां जाते?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“रस्ताच डावीकडे उतरता आहे,” व्यंकोबा म्हणाले.

तोच रस्ता तीस वर्षं पायाखालचा, आणि तो म्हणे आज उतरता झाला.

मरुदानल्लूरला भजनाच्या जागेजवळ घरं रस्त्याला लागून आहेत. पहाटेची कोलमची रांगोळी पावसाने वाहून गेली होती, म्हणून गोमती नावाची एक बाई दारापुढे बसून ती पुन्हा काढत होती. समोरून अचानक सायकल आडवी आली. व्यंकोबांनी ब्रेक दाबला. मी घसरले. बहिणीने धरलं आणि गाडी सरळ डावीकडे, गोमतीच्या अंगावर वळली.

मित्रांनो, मी त्या क्षणी जिवाच्या आकांताने धरायला पाहिलं. पॅड माझ्यावर आवळले होते, पण मधे तेल होतं. वत्सलाबाईंनी हँडब्रेक खेचला. गोमती मागे कोलमडली. पिठाची वाटी चाकाखाली चेपली आणि गाडी रांगोळीच्या मधोमध थांबली. गोमतीचं मनगट मुरगळलं होतं. दीड हात अंतर उरलं होतं, फक्त दीड हात.

माणसं धावली. गोमतीला उठवलं, पाणी दिलं. ती स्पष्ट बोलली. “सार, आत माझं तान्हं पोर आहे. मला काही झालं असतं तर?”

व्यंकोबांचं तोंड पांढरं पडलं. आणि त्या भीतीपोटी ते जे बोलले ते मी आजवर विसरले नाही. “माझा काय दोष? डिस्क दगाबाज निघाली. महालिंगाने तेल चोळायला सांगितलं, मी चोळलं. लेखी आहे माझ्याकडे.”

झालं. भजनाला जमलेल्या सगळ्या गावाने ते ऐकलं. ब्रेकला तेल लावायला सांगणारा मेकॅनिक! आठवडाभरात महालिंगच्या दारातल्या गाड्या कमी झाल्या. एकाने तर उघडलेलं इंजिन तसंच दोर बांधून दुसरीकडे ओढून नेलं. बापाच्या हाताखाली काम शिकलेला, एकही नट ढिला न सोडणारा तो माणूस. मला आणि बहिणीला त्यानेच उतरवलं, माझा वास घेतला आणि म्हणाला, “तिळाचं तेल. सार, मी झिजली म्हणालो होतो.”

“तूं चोळ म्हणालास,” व्यंकोबा म्हणाले आणि नवी जोडी बसवून गाडी घेऊन गेले. मी त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहिले. मला खरं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. तो रोज सकाळी दुकान झाडायचा, देवाला फूल वाहायचा आणि रिकाम्या जागेकडे पाहत बसायचा. माझा संताप होत होता. चूक दोघांनी मिळून केली आणि अब्रू गेली तिसऱ्याची.

पंधरा दिवसांनी दुकानापुढे रिक्षा थांबली. वत्सलाबाई उतरल्या, पाठोपाठ व्यंकोबा. बाईंच्या हातात कॅलेंडरचं एक चुरगळलेलं पान होतं. दिवाळीच्या दिवशी ते फाडून त्यात दिवाळीचं लेह्य, म्हणजे फराळानंतर खायचं पाचक चाटण, बांधून ठेवलं होतं, ते पुडी सोडताना हाती लागलं. पानावर तेलकट डाग होता आणि त्याच्या मधे अक्षरं: डिस्क तेय्.

“हें मीं लिहिलें,” त्या नवऱ्याला मराठीत म्हणाल्या. “अर्धें लिहिलें. मज ठाऊक होतें, तरी लाजेने इतके दिवस बोललें नाहीं. आतां तुम्ही काय तें करा.” मग महालिंगकडे वळून त्यांनी तेच तमिळमध्ये सांगितलं आणि हात जोडले.

व्यंकोबांनी ते पान हातात घेऊन सरळ केलं आणि वाचलं. मास्तरच ते. अर्धवट उत्तर कसं तपासायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

“मीं विचारावयास हवें होतें,” ते हळू म्हणाले. मग महालिंगला म्हणाले, “रंग आहे का? आणि ब्रश?”

त्यांनी मला कोपऱ्यातून उचललं, मांडीवर घेऊन पुसलं. कोरड्या फडक्याने, हे मुद्दाम सांगते. माझ्या चऱ्यांवर त्यांनी पांढऱ्या रंगात तमिळमध्ये लिहिलं: ‘तेय्त्तदु नान’. चोळलं ते मी. खाली सही केली, व्यंकोबा. महालिंग नको नको म्हणत असताना मला त्याच्या दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं टांगलं. तिथून ते मरुदानल्लूरला गेले. भजन संपल्यावर उभं राहून त्यांनी सगळ्यांपुढे तेच तोंडाने सांगितलं, आणि गोमतीच्या घरी जाऊन तिलाही. हे महालिंग नंतर येणाऱ्यांना सांगायचा. गाड्या परत येऊ लागल्या, सगळ्या नाही, पण बऱ्याच.

माझा राग अजून गेलेला नाही. का जावा? पॅडची जीभ किंचाळत होती तेव्हा रेडिओ लावला, माझ्या अंगावरचा आकडा कुणी वाचला नाही, आणि एका बाईचा जीव दीड हातावर आला. म्हणून मित्रांनो, गाडीत बसाल तेव्हा चाकाकडे कान द्या. ती ओरडत असेल तर घरच्या मोठ्या माणसांना रेडिओ बंद करायला सांगा. आणि कुणाचा निरोप लिहून घ्याल तर कढई खाली उतरवा, पण शब्द पुरा करा.

वारा आला की मी दारावर जरा हलते. लोक थांबून वाचतात, ‘तेय्त्तदु नान’, आणि विचारतात की ही कशाला टांगली. महालिंग त्यांना खाली वाकून माझी कड दाखवतो, तिथे झिजून गेलेला भाग दाखवतो. ती झीज म्हणजे दुसरं वाक्य, ते कुणी रंगवलेलं नाही. ते माझं आहे: तेय्ञ्जदु नान. झिजले ती मी.