हिलालच्या हातातला भोंगा

मित्रांनो, सभेत तोंडाशी धरून बोलतात ना, तो मी एक जुना भोंगा. आवाज माझा, पण शब्द माझे नव्हेत. धरणारा जे बोलेल तेच मी दसपट मोठ्याने सांगतो.

लिंबायत वस्तीतल्या लूम, म्हणजे यंत्रमाग, कामगारांमध्ये वर्षानुवर्षं एक भांडण चाललं आहे. कारखाने शहराबाहेर न्यायचे की नाही? एक युनियन म्हणते न्या, दुसरी म्हणते हलू देणार नाही. दुसरीतला हिलाल माझा धनी. काय बोलायचा हो! टाळ्यांनी माझीच छाती फुगायची. आपल्यातल्या कोणाला खरचटलं तरी तो गळा काढायचा, त्यांच्यातल्याचं डोकं फुटलं तर म्हणायचा, "नाटकं करतात लेकाचे!"

समोरच्या युनियनमध्येच लोटू होता, हिलालचा गाववाला, शेजारच्या लूमवरचा सोबती. लूमच्या खडखडाटात त्याचे कान जवळजवळ गेले होते आणि मागावरचा धोटा उडून एक डोळाही. उरलेल्या डोळ्याने तो माणसांचे ओठ वाचायचा.

पर्वत पाटियाच्या चौकात दोन्ही मोर्चे समोरासमोर आले. आमच्या बाजूने दगड गेला आणि लोटूचा तो उरलेला डोळाही फुटला. फेकणारा हिलालच्या पुढ्यातच उभा होता. आमचा पुढारी भूपेंद्र पुटपुटला, "त्यांच्यातल्याच कोणीतरी मारला, म्हण." हिलालने मला उचललं आणि तसंच म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यावर पोलिसांनी लोटूच्या शेजारीच उभ्या असलेल्या त्याच्या सख्ख्या भावाला, गोपालला, धरून नेलं.

शेवटी एक दिवस हिलालला राहवेना. मला खांद्याला अडकवून तो लोटूच्या घरी गेला.

"कोन उना?" जमिनीवर पावलांची थरथर जाणवून लोटूने विचारलं.

"हिलालभाऊ!" त्याची बायको धुरपदाबाई त्याच्या कानाशी ओरडली.

हिलाल हळूच म्हणाला, "लोटू, दगड आमनाच व्हता रे. गोपालनी काही चूक नही."

"काय म्हणस तो?" लोटूला काहीच ऐकू गेलं नव्हतं.

धुरपदाबाईने पदराने डोळे पुसले. "भोंगा शे ना खांदाले? मंग त्यामा बोला, भाऊ. यास्ले बी समजी, गल्लीले बी."

हिलालच्या मागोमाग आलेली आमच्याच युनियनची माणसं दाराबाहेर उभी होती. हिलालचा अंगठा बटणावर आला. माझा जीव टांगणीला लागला. मग त्याने मला जमिनीवर ठेवलं आणि मान खाली घालून तो निघून गेला.

मित्रांनो, गोपाल अजून सुटलेला नाही. धुरपदाबाई मला रोज पुसते, बॅटरी चार्ज करून ठेवते. हिलाल तुम्हाला कुठे भेटला, तर त्याला एवढंच सांगा, माझा आवाज अजून शाबूत आहे.