दोन तारा

भाचीनं घरातल्या कॉम्प्युटरांची आखणी आलेखाच्या कागदावर केली होती. तीन आठवडे तो कागद जेवणाच्या टेबलावर पडून होता, आणि त्यावर आत्याच्या पेल्याचा गोल डागही उमटला होता.

भाची एका छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची. तिथून निकालात निघालेले दोन कॉम्प्युटर तिनं घरी आणले आणि त्यांना नावं दिली, थोरला आणि धाकटा. थोरला मागच्या खोलीत होता, धाकटा बाहेरच्या खोलीतल्या कपाटात. प्रत्येकाच्या पोटात चार-पाच खोटे कॉम्प्युटर चालत. खोटे म्हणजे हात लावता येणार नाही असे, पण कामाला अगदी खरे. नवीन काही शिकायचं, मोडायचं, पुन्हा उभं करायचं ते त्यांच्यावर. छापखान्यात मोडामोड केली तर साहेब डोक्यावर बसला असता.

अडचण एवढीच होती की थोरला बंद पडला की त्याच्या पोटातलेही सगळे आडवे व्हायचे. म्हणून दोघांसाठी एक सामायिक साठा हवा होता. चार डिस्कांची वेगळी पेटी, आणि खोट्या कॉम्प्युटरांचा सगळा माल तिच्यात. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप नक्कल. मग थोरला पडला तरी धाकटा तेच काम तिथूनच पुढे उचलणार.

"म्हणजे सगळ्यांचं सामान एका कोठीत," आत्या म्हणाली.

"तसंच काहीसं."

"आणि किल्ली दोघांकडे. भांडणं होतील गं."

"म्हणून कुलूप असतं आत्या. एकानं एक वस्तू धरली की दुसऱ्याला ती मिळत नाही."

आत्याचं वय सत्त्याहत्तर. आई-वडील गेल्यावर भाचीला तिनं आणि आतोबांनी वाढवलं. आतोबा टेलिफोन खात्यात लाइनमन. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, पण घरातल्या भिंतींत अजून त्यांच्याच तारा होत्या. मागच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत जाणारी केबलही त्यांनीच घातलेली. काटकसरी माणूस! केबलमध्ये आठ तारा, कॉम्प्युटरला चार पुरतात, म्हणून उरलेल्यांतल्या दोन त्यांनी भिंतीवरच्या फोनला जोडून टाकल्या होत्या. फोनची लाइन कधीच कापली गेली होती. फोन मात्र आत्यानं काढू दिला नाही. त्याच्याखाली तिची खुर्ची असे.

भाचीनं तीच केबल वापरली. रविवारी मागच्या खोलीत, थोरल्याशेजारी, पेटी सुरू झाली. चाचणीसाठी तिनं साठ्यात एक मोठी कोरी जागा आखली आणि तिला नाव दिलं 'रिकामी'.

बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर ती 'रिकामी' एका खोट्या कॉम्प्युटरला जोडायला बसली, तर पेटी ऐकेना. ही जागा दुसऱ्या कुणीतरी धरली आहे, एवढंच उत्तर.

तिनं जोडलेल्यांची यादी काढली. थोरला. धाकटा. त्यांच्याखाली तिसरी ओळ, नावाचा रकाना कोरा.

आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिला आधी वाटलं. तिनं थोरला बंद केला, धाकटा बंद केला. तिसरी ओळ जागची हलली नाही. मग तिनं भिंतीतली केबल पेटीतून उपसली आणि ती ओळ गेली. केबल परत लावली. मनात वीसपर्यंत मोजेतो ओळ पुन्हा हजर झाली.

भिंतीपलीकडे केबलच्या टोकाला दोनच गोष्टी होत्या. एक बंद केलेला धाकटा आणि दुसरा फोन. तिनं स्टूल घेऊन फोन उतरवला. मागे दोन तारांची टोकं कापून, दुमडून, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली होती, आतोबा नेहमी गुंडाळायचे तशी. फोनला काहीच जोडलेलं नव्हतं.

"काय शोधतेस?" आत्यानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. धूळ झाडतेय."

'रिकामी'ला हात लावता येत नव्हता, पण तिची नक्कल काढता येत होती. नकलेत चार फाइली निघाल्या, चारही आवाजाच्या. नावांच्या जागी तारखा. सोमवार, मंगळवार, बुधवार. चौथी गुरुवारची.

भाचीनं पेटीचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. गुरुवार उद्या होता.

तिनं कानांना हेडफोन लावले. सोमवार, दुपारी तीन. खुर्ची करकरली, मग आत्याचा आवाज. "आज गुडघा बरा आहे. पोरगी डबा विसरून गेली. तुमच्यासारखीच, डोकं तारांत." थोडी शांतता, मग आत्याचं हसणं. पुन्हा शांतता, आणि "छे हो, तसं नाही," असं आत्याचं उत्तर. कुणी काही विचारलंच नव्हतं. मंगळवारही तसाच आणि बुधवारही. पाऊण-पाऊण तास.

गुरुवारची फाइल पावणेचार तासांची होती.

खुर्ची करकरली. "आज पोरगी घाईत गेली," आत्या म्हणाली, "मी तिला म्हटलं की..." पुढचा शब्द अर्धाच आला. तोच अर्धा शब्द पुन्हा, जड जिभेनं. पेला पडला आणि फरशीवर घरंगळत गेला. नंतर पंख्याचा आवाज. भाचीनं फाइल पुढे सरकवली. पंखा. आणखी पुढे, पुन्हा पंखाच. अगदी शेवटी कडी वाजली आणि तिचा स्वतःचा आवाज आला. "आत्या? आत्या?"

हे ती अजून म्हणालीच नव्हती.

गुरुवारी तिनं छापखान्यात बरं नसल्याचं कळवलं. सकाळपासून आत्याच्या मागेमागे राहिली.

"शेपटासारखी काय फिरतेस?" आत्या वैतागली. "कामाला जा की."

"आज सुट्टी."

तीन वाजता आत्या पेला घेऊन खुर्चीत बसली. भाची समोर फरशीवर बसली. रुग्णवाहिकेचा नंबर तिनं मोबाइलवर आधीच काढून ठेवला होता. आत्या फोनकडे पाही, भाचीकडे पाही आणि गप्प राही.

"बोल ना," भाची म्हणाली. "रोज बोलतेस तशी."

आत्या लाजली. पेल्याची कड बोटानं पुसत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आज पोरगी घरी आहे हो. मी तिला म्हटलं की..."

तोंडाची एक बाजू ओघळली. पेला फरशीवर पडायच्या आत भाची उठली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत. तीन तास गेले असते तर आमच्या हातात फार काही राहिलं नसतं."

आत्या बाराव्या दिवशी घरी आली. उजवा हात कमजोर झाला होता, शब्द एकेक करून यायचे. तिला उशीला टेकवून बसवताना तिनं भाचीचं मनगट धरलं.

"तू... घरी कशी होतीस त्या दिवशी?"

"सुट्टी होती म्हटलं ना."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं... ह्यांनी सांगितलं."

भाचीनं पांघरूण सारखं केलं.

संध्याकाळी तिनं पेटीतली यादी उघडली. गुरुवारची फाइल आता पाऊण तासाची झाली होती. तिनं ती ऐकली. आत्याचं वाक्य तुटलं, पेला पडला, तिची स्वतःची धावपळ झाली, मोबाइलवर पत्ता सांगणं झालं, पायऱ्यांवर माणसांची पावलं वाजली, दार ओढलं गेलं. त्यानंतर रिकाम्या घरात, फोनच्या अगदी जवळ, एका माणसानं घसा खाकरला. एकदाच. तो घसा तिच्या ओळखीचा होता.

तिनं सगळी मांडामांड पुन्हा केली. नव्या केबली भिंतीवरून पट्टीत घातल्या, थोरला-धाकटा त्यांवर नेले. 'रिकामी' हलवता आली नाही, कारण कुलूप अजून त्या तिसऱ्याकडेच होतं. जुनी केबल तिनं पेटीला तशीच राहू दिली.

आता आत्या पुन्हा दुपारी फोनखाली बसते, आणि रोज सकाळी कामाला निघण्याआधी भाची फाइलींची यादी उघडते. आत काय आहे ते ऐकत नाही, फक्त शेवटची तारीख बघते. ती कालचीच असली, आजची किंवा पुढची नसली, की यादी मिटते, आत्याला सांगून चपला घालते आणि निघते.